रूट अवघड करायचा तर आधी पायांकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहरात क्लाइंबिंगची नवी इनडोअर वॉल सुरू होतेय, एका बाजूला बोल्डरिंग (दोरीशिवाय, खाली मॅट घालून चढायची बुटकी भिंत) आणि दुसऱ्या बाजूला १२ मीटरची लीड वॉल (वाटेत दोरी अडकवत चढायची). तुम्ही चार वर्षं क्लाइंबिंग करताय, ७ए ग्रेडपर्यंत पोचलाय (५, ६ए, ६बी, ७ए असा अवघडपणा वाढत जातो), म्हणून मालकांनी रूट सेटिंग, म्हणजे भिंतीवर होल्ड बसवून चढायच्या वाटा तयार करायचं काम, तुमच्या गळ्यात घातलंय. पहिले दहा-बारा प्रॉब्लेम, म्हणजे बोल्डरिंगचे छोटे रूट, लावलेत. त्यातले निम्मे शिडीसारखे झाले आणि उरलेले तुमच्याशिवाय कुणालाच जमत नाहीत. चुकतंय कुठं, आणि सुरुवात कशानं करायची?

मी पुण्यात चौदा वर्षं हे काम करतोय. आधी उघड्यावरच्या वॉलवर हौसेनं, पुढं पगारावर. तुमचा प्रश्न वाचताना माझं पहिलं वर्ष डोळ्यापुढं आलं, त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

तुमचं बहुतेक अंतरात चुकतंय. तुमची वॉल न बघता हे म्हणतोय, कारण नव्या सेटरला रूट अवघड करायचे दोनच उपाय सुचतात. होल्ड (हाताला किंवा पायाला धरायचा खुंट) बारीक घ्यायचा, नाहीतर लांब लावायचा. बारीक होल्डची पेटी लवकर संपते, मग अंतरं वाढायला लागतात. आपण लावलेला लांबचा होल्ड आपल्या उंचीच्या माणसाला अवघड पडतो, सहा फुटी माणसाला सहज मिळतो आणि पाच फुटी माणसाला मिळतच नाही. भिंतीवर ग्रेडची चिठ्ठी एकच असते, पण तिघं तीन वेगळे रूट चढत असतात.

माझ्या हातून हे शाळकरी मुलांच्या एका स्पर्धेत झालं. बारा वर्षांखालच्या मुलींसाठी मी एक प्रॉब्लेम लावला होता. सुरुवातीला दोन्ही हातांसाठी एक मोठा व्हॉल्यूम (भिंतीवर बसवलेला मोठा ठोकळा), तिथून उजवीकडं पिवळा स्लोपर (उतरता, बोटं अडकवायला कड नसलेला होल्ड). आदल्या रात्री मी स्वतः गुडघ्यात वाकून, अंग आखडून तो करून बघितला होता आणि खूश होतो. सकाळी एक मुलगी आली, असेल सव्वाचार फूट. व्हॉल्यूमची कड तिच्या बोटांच्या टोकांना लागायची, पण पाय मॅटवरून उचलला की बोटं सुटायची. चार मिनिटं ती तेच करत राहिली. हाताला चॉकची पूड लावायची, वर बघायची, पाय उचलायची, खाली यायची. वेळ संपल्याची शिटी झाली तेव्हा तिनं बुटांचा वेलक्रो सोडवला, आणि जाताना मला विचारलं, "सर, तो पिवळा होल्ड धरायला कसा होता?" बाकीच्या मुलींना जो प्रश्न सोडवायला मिळाला, तो तिच्यापर्यंत मी पोचवलाच नव्हता. गुडघ्यात वाकून कुणी सव्वाचार फुटांचं होत नाही. वाकलेल्या माणसाचे हात मोठ्याचेच राहतात. त्या दिवसापासून माझ्या हार्नेसला मोजपट्टी अडकवलेली असते.

ही चूक शाळेच्या स्पर्धेपुरतीच होते असंही नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या बोल्डर-लीड अंतिम फेरीत जपानच्या आइ मोरीला पहिल्या बोल्डरचा सुरुवातीचा होल्डच पकडता आला नाही. तिची उंची १५४ सेंटिमीटर. त्या बोल्डरवर तिला शून्य मिळालं. त्याच दिवशी लीडमध्ये तिनं ९६.१ गुण घेतले, आठही जणींत सगळ्यांत जास्त. एकूण निकालात ती चौथी आली. तेव्हा खूप वाद झाला, आणि उडी मारता येणं हासुद्धा खेळाचाच भाग आहे, असं म्हणणारेही होते. उडी खेळाचा भाग आहेच. माझं म्हणणं एवढंच, की ती पहिल्याच होल्डवर ठेवू नये. तिथं ज्याला जमलं नाही, त्याच्यासाठी पुढचा सगळा प्रॉब्लेम वाया जातो. उडी चौथ्या-पाचव्या मूव्हला ठेवा, झोन होल्डच्या (जिथं पोचलं की अर्धवट गुण मिळतात त्या मधल्या होल्डच्या) पुढं ठेवा. तोवर चढणाऱ्यानं काहीतरी दाखवलेलं असतं.

आता मोजपट्टीबद्दल. सगळे हात ते हात अंतर मोजतात. मी मोजतो ते पायाचा चांगला होल्ड ते हाताचा पुढचा होल्ड. दीड मीटर उंचीचा माणूस सपाट पायांवर उभा राहून हात वर करतो तेव्हा त्याची बोटं साधारण १९० सेंटिमीटरला पोचतात. हे सरळ भिंतीपुढं. भिंत पुढं झुकली की कंबर मागं जाते आणि ते अंतर कमी होतं. म्हणून ६ए च्या खालच्या रूटवर पायापासून पुढच्या हातापर्यंत मी १६० सेंटिमीटरच्या वर जात नाही, आणि ओव्हरहँगवर, म्हणजे पुढं झुकलेल्या भिंतीवर, त्याहूनही कमी ठेवतो. लांब मूव्ह द्यायचाच असेल तर मध्ये एक टिचभर पायाचा होल्ड देतो. उंच माणूस तो वापरत नाही. बुटक्याला तिथं पाय उंच घेऊन एक ज्यादा मूव्ह करावा लागतो. मेहनत दोघांनाही पडते, फक्त वेगवेगळ्या जागी. उलट्या बाजूनं, कधीतरी पाय आणि हात इतके जवळ ठेवा की उंच माणसाची अडचण झाली पाहिजे. गुडघा छातीशी आणून उठणं सहा फुटी माणसाला फार जड जातं. वर्षभर ज्यांना लांबचे होल्ड मिळाले नाहीत, ती माणसं असा प्रॉब्लेम आला की हसत हसत वर जातात.

अंतर न वाढवता रूट अवघड कसा करायचा, हे एका उदाहरणावरून सांगतो. मागच्या महिन्यात २० अंश झुकलेल्या भिंतीवर मी जांभळ्या होल्डचा प्रॉब्लेम लावत होतो. हवा होता ६बी+. मधला क्रक्स, म्हणजे सगळ्यांत अवघड जागा, अशी: डावा हात पिंचवर (चिमटीत धरायच्या होल्डवर), उजव्या हातानं व्हॉल्यूमवरच्या गोल स्लोपरला जायचं. मला तिथं ड्रॉप नी हवा होता. म्हणजे उजवा गुडघा आत वळवून, उजवी कंबर भिंतीला लावून हात वर घ्यायचा. पहिल्या मांडणीत उजव्या पायासाठी मी ऐसपैस होल्ड लावला होता. सगळे त्याच्यावर समोरासमोर उभे राहिले आणि स्लोपर थोपटून पुढं गेले. ६ए सुद्धा म्हणता आलं नसतं. दहा वर्षांपूर्वी मी स्लोपर एक भोक वर सरकवला असता.

या वेळी हात जिथल्या तिथं ठेवले. उजव्या पायाचा मोठा होल्ड काढला, त्याच्या जागी बारीक पट्टी लाकडी स्क्रूनं लावली, चार बोटं अजून उजवीकडं, आणि तिचं तोंड डावीकडं वळवलं. आता समोरासमोर उभं राहिलं तर बूट घसरतो. पण गुडघा आत वळवून बुटाची बाहेरची कड टेकवली, की दोन्ही पाय एकमेकांविरुद्ध दाबले जातात आणि माणूस भिंतीत घट्ट बसतो. मग स्लोपर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं १५ अंश फिरवला. त्याचा चांगला भाग आता थोडा उजवीकडं बघत होता, त्यामुळं सरळ खाली लोंबकळलं तर तळहात सुटायचा, आणि अंग डावीकडं ठेवलं तर धरायचा. एवढे दोनच बदल. माझी सहकारी १५२ सेंटिमीटरची आहे. तिनं दुसऱ्या प्रयत्नात गुडघा वळवला आणि पुढं गेली. आमच्याकडचा सहा फुटी इंजिनिअर ताकदीच्या जोरावर तीन वेळा पडला, मग खाली मॅटवर बसून त्यानं दोन मिनिटं पायाच्या त्या पट्टीकडं बघितलं, आणि चौथ्यांदा केला. अंतर एक सेंटिमीटरही वाढलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, टी-नटची (बोल्ट धरायला भिंतीमागं बसवलेल्या नटांची) भोकं ठरलेली असतात, पण होल्ड फिरवायला पूर्ण ३६० अंश मोकळे आहेत. आणि पायाच्या छोट्या, स्क्रूनं कुठंही बसणाऱ्या स्क्रू-ऑन होल्डला तर भोकाचंही बंधन नाही. तुमच्या शिडीसारख्या झालेल्या प्रॉब्लेममध्ये बघा. माझी खात्री आहे, की हाताचे होल्ड तुम्ही विचार करून लावलेत आणि पायाचे शेवटी, दमल्यावर, पेटीत उरतील ते लावलेत. माझंही असंच व्हायचं. आता मी उलटं करतो. क्रक्सच्या जागी आधी पायाचा होल्ड लावतो, त्यावर उभा राहतो, अंग कुठं झुकतंय ते बघतो, आणि मग हाताला काय हवंय ते शोधतो.

हे असं रोज बदलता येणं आपण गृहीत धरतो, पण ते फार जुनं नाही. १९६४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन यांनी एका बोळाच्या भिंतीत दगड बसवून चढायची सोय केली. आधुनिक वॉलचा इतिहास सहसा तिथून सांगतात. ते दगड पक्के होते. रूट बदलायचा तर फार तर 'हा दगड वापरायचा नाही' असं ठरवायचं. बोल्टनं बसवायचे होल्ड आले आणि सेटिंग नावाचं कामच जन्माला आलं.

याला अपवाद स्पीडचा, म्हणजे वेगानं चढायच्या शर्यतीचा. तिथं जगभर एकच रूट: १५ मीटर उंची, ५ अंश झुकाव, हाताचे २० होल्ड, पायाचे ११. सेटरनं तो नकाशाबरहुकूम बसवायचा, बस. पण त्यातही एक शिकण्यासारखी गोष्ट घडली. सगळे वर्षानुवर्षं तो एकाच पद्धतीनं चढत असताना जपानच्या तोमोआ नारासाकीनं सुरुवातीचा डावीकडचा एक होल्ड वगळून सरळ वर जायची वाट काढली, आणि नंतर बहुतेक जण तसंच चढायला लागले. जो रूट कधी बदलला नाही, त्यातही कुणालाच न दिसलेला बीटा (चढायची युक्ती) निघाला. तेव्हा तुमच्या प्रॉब्लेमवर कुणी तुमचा बीटा मोडला तर वाईट वाटून घेऊ नका.

जांभळ्यावरही तेच झालं. चौदा वर्षांच्या एका पोरानं व्हॉल्यूमवर टाच अडकवली आणि स्लोपर न धरताच पुढं गेला. अशा वेळी मी एकच गोष्ट तपासतो: नवी वाट तेवढीच अवघड आहे का? असेल तर राहू दे, प्रॉब्लेमला दोन उत्तरं असली तर बिघडत नाही. ती दोन ग्रेडनं सोपी असेल तर मात्र बंद करतो, नाहीतर चिठ्ठी खोटी पडते. टाचेची वाट अवघडच होती. ती अजून तशीच आहे.

आता हत्यारांचं भराभर सांगतो, पण यातलं काही सोडू नका. आपल्याकडं बहुतेक वॉलवर एम१० चे ॲलन बोल्ट चालतात. सिलिंडरसारख्या डोक्याच्या बोल्टला ८ मिलिमीटरची ॲलन की लागते, शंकूच्या डोक्याच्या बोल्टला ६ ची. होल्डच्या भोकात सपाट बैठक असेल तर शंकूचा बोल्ट कधीही घालू नका. तो पाचरीसारखं काम करतो आणि होल्ड दुभंगतो. होल्डच्या मागून बोल्ट दोन ते अडीच सेंटिमीटर बाहेर यायला हवा. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडला एवढा पुरतो. त्याहून आखूड बोल्ट एक-दोन आट्यांवर धरतो. तो आज लागतो आणि पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी हातात येतो. पहिले दोन-तीन आटे बोटांनी फिरवा, मगच इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. थेट ड्रायव्हर लावला आणि आटे आडवे गेले की टी-नट मागं निसटून फिरायला लागतो, आणि भिंतीच्या मागं जायला वाट नसेल तर ते भोक कायमचं गेलं. शेवटची आवळणी हातानं करा. ड्रायव्हरला होल्ड चिरकल्याचं कळत नाही, मनगटाला कळतं. मोठ्या होल्डला वळू नये म्हणून दिलेलं बारीक भोक असतं, त्यात स्क्रू घालायचा कंटाळा करू नका. धरल्यावर फिरणारा होल्ड नवख्या माणसाला जेवढा घाबरवतो, तेवढं उंचीही घाबरवत नाही. आणि एक: नवी वॉल आहे तर बांधणाऱ्याला ईएन १२५७२ बद्दल विचारा. युरोपचं हे मानक तीन भागांत आहे, दोरीच्या वॉल, बोल्डरिंगच्या वॉल आणि होल्ड. त्या माणसाला ते नाव ठाऊक नसेल, तर मालकांशी बसून बोलायची वेळ आली आहे.

लीड वॉलवर दोरीला लटकून काम करताना हेल्मेट, दुसरी बॅकअप दोरी आणि प्रत्येक हत्याराला लॅनयार्ड (ते पडू नये म्हणून बांधायची दोरी). खालचा भाग दोरी बांधून बंद करा. बारा मीटरवरून ॲलन की पडली तर काय होतं, हे बघायची वेळ कुणावर येऊ नये.

नवख्यांचे रूट. मला विचाराल तर हे सगळ्यांत अवघड काम, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांत नव्या सेटरला देतात. ४ किंवा ५ ग्रेडचा रूट म्हणजे मोठमोठे 'जग' (पूर्ण हातानं सहज धरता येणारे होल्ड) एकाखाली एक लावून दिले, असा समज आहे. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मित्राबरोबर पहिल्यांदा आलेला माणूस तिथं काय करतो? हातानं ओढत जातो, आठ मीटरवर त्याचे कोपरापुढचे स्नायू फुगतात, आणि 'माझ्या हातात ताकद नाही' असं म्हणून तो घरी जातो. ताकद भरपूर होती. पायावर उभं राहायचं त्याला रूटनं शिकवलं नाही. मी सोप्या रूटचे होल्ड डावीकडं-उजवीकडं पसरतो, म्हणजे कंबर सरकवल्याशिवाय पुढचा हात आरामात मिळत नाही. दर तीन-चार मूव्हनंतर पायाला एवढी मोठी जागा देतो की दोन्ही हात सोडून झटकता येतील. एखाद्या ठिकाणी हाताचा होल्ड मुद्दाम बाजूला लावतो, की बाजूनं ओढावं लागेल. एका रूटमध्ये एकच गोष्ट शिकवायची. दोन शिकवायला गेलात तर माणूस गोंधळतो. आणि शेवटचा होल्ड नेहमी मोठा आणि आनंदानं धरावा असा. पहिल्यांदा वर पोचलेल्या माणसाला तिथं दोन श्वास घेऊन खाली बघायचं असतं.

लहान मुलांसाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाढत्या वयात बोटांच्या हाडांची वाढीची टोकं नाजूक असतात. बारीक क्रिंपवर (फक्त बोटांच्या टोकांनी धरायच्या कडेवर) वारंवार जोर दिला तर तिथं इजा होते, आणि ती साध्या दुखण्यासारखी वाटते म्हणून दुर्लक्षही होतं. मुलांना व्हॉल्यूम द्या, स्लोपर द्या, पिंच द्या, उड्या द्या. क्रिंपचा मारा आणि एका बोटाचे पॉकेट (बोट घालायचे खळगे) नकोत.

पडणं हाही रूटचाच भाग समजून लावा. बोल्डरवर प्रत्येक मूव्हला स्वतःला विचारा, की इथून हात सुटला तर माणूस कसा पडेल? पाय आधी सुटला तर झुलून कुठं जाईल? वाटेत व्हॉल्यूमचं टोक आहे का? एका वॉलवर माझ्याच प्रॉब्लेममध्ये डायनोच्या (उडी मारून धरायच्या मूव्हच्या) रेषेखाली मी त्रिकोणी व्हॉल्यूम ठेवला होता, दिसायला सुंदर म्हणून. एका मुलाचा घोटा त्यावर आपटला. हाड वाचलं, पण तीन आठवडे त्याला चढता आलं नाही. दिसण्यासाठी ठेवलेलं काहीही आता मी पडण्याच्या रेषेत ठेवत नाही. टॉपवरून उतरायला मोठे होल्ड ठेवा, वरून उडी मारायची सक्ती नको.

लीडवर तिसऱ्या क्विकड्रॉपर्यंत (भिंतीवर टांगलेली, दोरी अडकवायची कडी) एकही अवघड क्लिप, म्हणजे दोरी अडकवायची जागा, नको. तिथं दोरी ओढून हातात घेतलेली असताना पडलं तर जमीन गाठता येते. क्लिप करताना कॅराबिनर साधारण कंबर ते डोकं या पट्ट्यात यावा आणि दुसऱ्या हातात खरोखर चांगला होल्ड असावा. हे मी कागदावर ठरवत नाही, प्रत्येक ड्रॉला लटकून, दोरी ओढून बघतो. बुटक्या सहकारिणीलाही ओढायला लावतो, कारण उंच माणसाला कंबरेशी येणारा क्लिप तिच्या हाताच्या टोकावर असू शकतो. पुन्हा अंतराचाच प्रश्न.

फोररनिंगशिवाय, म्हणजे आधी चढवून तपासल्याशिवाय, रूट उघडू नका. आणि फोररनिंग म्हणजे सेटरनं स्वतःच चढून बघणं नव्हे, ते तर तुम्ही लावतानाच केलंय. किमान तीन शरीरं हवीत: एक उंच, एक बुटकं, आणि त्या ग्रेडला खरोखर धडपडणारं एक. त्यांना काही सांगायचं नाही. खाली उभं राहून तोंड बंद ठेवणं मला शिकायला दोन वर्षं लागली. माणूस भलत्याच हातानं सुरुवात करतो, आपल्या तोंडावर येतं 'अरे डावा!', ते गिळायचं. तो जिथं थांबतो, मान वळवतो, परत खाली बघतो, ती जागा वहीत लिहायची. तिघंही एकाच जागी खाली बघत असतील तर तिथला पायाचा होल्ड दिसत नाहीये, लपलाय. लपवलेला पाय म्हणजे अवघड रूट असं काही सेटर मानतात. मला ते पटत नाही. रूट खालून वाचता आला पाहिजे. वाचून समजलं आणि तरी करायला कष्ट पडले, तर चढणारा दुसऱ्या दिवशी परत येतो.

ग्रेड लगेच लावू नका. दिवसभर वीस-पंचवीस किलोची पेटी दोरीवर वरखाली करून संध्याकाळी तुम्ही चढता तेव्हा ५ सुद्धा ६ वाटतो. मी पेन्सिलनं आकडा लिहितो, दुसऱ्या दिवशी ताज्या हातांनी परत चढतो, आठवडाभर लोकांना विचारतो आणि मग चिठ्ठी छापतो.

ऋतूही बघा. पुस्तकी माहितीत हे कमी सापडतं, कारण ती बहुतेक थंड देशांतली. आपल्याकडं जुलैत सह्याद्रीचा कातळ ओला असतो, म्हणून बाहेर जाणारी सगळी मंडळी वॉलवर येतात. नेमकं त्याच महिन्यांत हवा इतकी दमट की मार्चमधला ६बी स्लोपर जुलैत ७ए होतो. मी पावसाळ्यात स्लोपर कमी करतो, कडा असलेले होल्ड आणि खोल पिंच वाढवतो, आणि स्लोपर ठेवलेच तर जास्त झुकलेल्या भिंतीवर ठेवत नाही. २०१६ च्या मे महिन्यात आणि २०१७ च्या जूनमध्ये गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेनं नवी मुंबईत बोल्डरिंगचा जागतिक करंडक भरवला होता. त्या घामट हवेत जगातले उत्तम खेळाडू चढले. पण त्यांच्या हातांवरून आपल्या रोजच्या लोकांचं गणित मांडू नये. पावसाळ्यात बोल्टही गंजतात, तेव्हा रूट तोडताना प्रत्येक बोल्ट हातात फिरवून बघा आणि तांबूस झालेला सरळ भंगारात टाका. होल्ड महिन्या-दोन महिन्यांनी धुवायला हवेत. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते सौम्य आम्लात विरघळतं. पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून ब्रशनं घासले की पोत परत येतो. सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. दिवाळीनंतर आमच्याकडं लोकांना बदामीचे वेध लागतात, म्हणून नोव्हेंबरात मी सरळ भिंतीवर लांब, कडा-कडांचे, दम काढणारे रूट लावतो. वालुकाश्मावर तेच लागतं.

तुमच्यासाठी पहिल्या आठवड्याचं काम. थोड्या झुकलेल्या भिंतीवर हाताचे सात होल्ड लावा, मध्यम आकाराचे, एकमेकांपासून ५० सेंटिमीटरच्या आत. ते पक्के आवळा आणि नंतर हात लावू नका. आता फक्त पायाचे होल्ड बदलून त्याच सात होल्डवर तीन प्रॉब्लेम करा: एक ५, एक ६ए, एक ६बी. पहिल्यासाठी पायाला मोठ्या जागा, दुसऱ्यासाठी त्याच जागी पण अर्ध्या आकाराच्या, तिसऱ्यासाठी बारीक पट्ट्या, वळवलेल्या आणि चुकीच्या वाटणाऱ्या बाजूला. बहुतेक दोन दिवस लागतील, आणि तिसरा प्रॉब्लेम चार-पाच वेळा मोडावा लागेल. मोडण्याआधी दर वेळी फोनवर फोटो काढून ठेवा आणि खाली लिहा, कोणता पाय किती सरकवला. सगळं झालं की दीड मीटरच्या आसपास उंची असलेल्या कुणाला तरी बोलवा आणि तिन्ही चढायला सांगा. कुठं हात पोचत नाही म्हणून अडलं, तर तिथला पायाचा होल्ड वर घ्या. हाताचा होल्ड तसाच राहू द्या.